कुणाच्या माहेरचं?

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या. तो पाइप राहू द्या जास्वंदीत, तिलाही पाणी होईल. कुंपणापाशी या अशा. मास्तरीणबाई देवीला गेल्यात. मंगळवार ना आज, जगदंबेची आरती झाल्याशिवाय काही उठायच्या नाहीत. तोवर सांगून घेते.

मास्तरांच्या सुनेचं कळलं का? वात नाहीये हो तिला! इतकी वर्षं आपण वात वात करत होतो ना, तो वातच नव्हता. सिकलसेल निघाला! आणि साधासुधा नाही, एसएस. लाल कार्ड. छत्तीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई, आणि आता कळतंय!

थांबा, लगेच कपाळाला हात लावू नका. आधी सगळं ऐका. मला तर हे तिनंच… पण ते मागून सांगते. क्रमानं सांगितलं की कसं, मलाही गोंधळ होत नाही.

तर ते शिबीर. आपलं कसं आहे, तालुका केळापूर म्हणायचा आणि कचेरी, दवाखाना, कोर्ट सगळं पांढरकवड्याला. नाव तेवढं आपलं! पण या वेळी शिबीर खरंच इथं शाळेत आलं. दिल्लीची ती मोहीम नाही का, २०२३ च्या जुलैत एक तारखेला मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांनी सुरू केली, तीच. देशातल्या सात कोटी लोकांचं रक्त तपासायचं, चाळिशीच्या आतल्यांचं, आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा. आशाताई दारोदार सांगत फिरत होती. मास्तरांची नात दहावीत आहे, तिचं रक्त द्यायचं होतं. पोरगी सुईला भिते म्हणून सोबत आई गेली. सिस्टर म्हणाली, वहिनी, आल्याच आहात तर तुमचंही देऊन टाका. झालं! एवढ्यावरून निघालं सगळं. ती त्या दिवशी स्वयंपाकाच्या घाईत असती ना, तर आजही आपण निर्गुडीचं तेलच सुचवत बसलो असतो.

मी होते की तिथं. आमच्या धाकट्याला घेऊन गेले होते… तो काही आत आला नाही, बाहेर मोबाइल बघत बसला, ते जाऊ द्या. तर सिस्टरनं काय केलं, नळीत औषधाचं पाणी घेतलं, त्यात रक्ताचा थेंब टाकला आणि नळीच्या मागं रेघा मारलेला कागद धरला. चांगलं रक्त असेल तर रेघा दिसतात. हिच्या नळीत सगळं गढूळ. खुनी नदीला पहिल्या पावसात पाणी येतं ना, तसं. रेघ म्हणून दिसेना. पोरीचीही नळी गढूळ. सिस्टरचं तोंड असं झालं… मी लांबून ओळखलं. पण ती शहाणी, म्हणाली, घाबरू नका, यावरून फक्त सिकल आहे एवढं कळतं, किती आहे ते मोठ्या मशीनवर कळेल. मग रक्त पुढं गेलं. रिपोर्ट आला तेव्हा पोरीचा एएस, आईचा एसएस.

आता एएस आणि एसएस तुम्हाला माहीतच असेल. एएस म्हणजे वाहक, पिवळं कार्ड. म्हणजे थोडासा आजार. आणि एसएस म्हणजे लाल कार्ड, पुरता आजार.

तर काय सांगत होते… हां, आठवतं का तुम्हाला ती लग्न होऊन आली तेव्हा? नवी नवरी, आणि डोळे असे हळदीसारखे. कुणी म्हणालं कावीळ, गळ्यात माळ घालून आणली. माळ वाढत गेली, कावीळ काही उतरली नाही. मग पहिली थंडी पडली. मास्तरांच्या वावरात वेचणी लागली होती. सकाळच्या दवात पऱ्हाटीत उतरली आणि दुसऱ्या दिवशी खाटेवर. पाय दुखतात, कंबर दुखते, हाडाच्या आतून कुणी पिरगाळतंय म्हणे. मास्तरीणबाई आपल्या ओट्यावर काय म्हणाल्या होत्या? ‘कापूस वेचायचा म्हटलं का हिची कंबर मोडते बाप्पा, आणि पंगतीत बसली का सरळ होते!’ आणि आपण सगळ्या हसलो होतो. तुम्हीपण. नाही काय, तुमचा तर चहा सांडला होता हसताना!

पहिल्या बाळंतपणात रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. ‘रक्त कमी आहे’ हे तर तिला प्रत्येकानं सांगितलं. लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, बीट. पण रक्त कमी का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. एका दवाखान्यात तर… नाव नको, उगीच कशाला… ती दारात दिसली की इंजेक्शन भरायलाच घ्यायचे. दुखणं दोन दिवस थांबायचं, पुन्हा सुरू. माहेरी गेली की तिथल्यांना वाटायचं सासरी छळतात म्हणून वाळली, आणि इथं आली की वाटायचं माहेरी लाडावली. मधल्या मधे त्या पोरीचं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

खरी गंमत पुढं आहे. रिपोर्ट आल्याच्या संध्याकाळी मास्तरीणबाई अंगणात उभ्या राहून, आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘आमच्या घरचं नाही जी हे! माहेराहून घेऊन आली!’ लगेच घाटंजीकडं फोन. दुसऱ्या दिवशी विहीण-व्याही पहिल्या एसटीनं हजर. विहीणबाई काय कमी आहेत? पायावर पाणीही घेतलं नाही आणि म्हणतात, ‘आमच्या सात पिढीत कोणाला नाही. आमची पोरगी आली तेव्हा तुरीच्या झाडासारखी होती, तुम्हीच राबवून वाळवली.’ मी मेथी निवडत होते कुंपणापाशी… म्हणजे मेथी संपली होती, पण काड्या निवडत होते.

तेवढ्यात ती समुपदेशनवाली मुलगी आली, दवाखान्यातली. बारकीशी, पण काय बोलते! तिनं आधी दोघींना खाली बसवलं. मग सुनेच्या हातातल्या बांगड्या मागितल्या. म्हणाली, असं समजा, प्रत्येकाकडे रक्ताच्या दोन बांगड्या असतात. एक आईनं दिलेली, एक बापानं. आणि आपल्या लेकराला आपण त्या दोनातली एकच देतो. कुठली जाईल ते आपल्या हातात नसतं. आता एखाद्याकडे एक धड आणि एक तडकलेली असेल, तर धड बांगडी काम भागवते. तो वाहक. पण आई वाहक, बापही वाहक, आणि दोघांकडूनही नेमकी तडकलेलीच आली, तर लेकराकडे धड एकही नाही. तो एसएस. प्रत्येक खेपेला चारात एक वेळा असं होऊ शकतं. चारात एक वेळा दोन्ही धड, आणि चारात दोन वेळा आईबापांसारखंच, एक धड एक तडकलेली.

विहीणबाई बोटांवर मोजत होत्या. मोजता मोजता थांबल्या. ‘म्हणजे… माझ्याकडूनही आणि यांच्याकडूनही?’ मुलगी म्हणाली, हो आई, दोघांकडून आल्याशिवाय एसएस होतच नाही. व्याही तोवर खांबाला टेकून बसले होते. ते हळूच म्हणाले, ‘माझा एक भाऊ लहानपणीच गेला. त्याचेही डोळे पिवळे होते. त्याला नजर लागली म्हणायचे.’ अहो, सगळं अंगण गप्प. मी तर काडीसुद्धा मोडली नाही. दोघांचं रक्त घेतलं, दोघं पिवळे निघाले.

मास्तरीणबाईंना काय, उकळ्याच फुटल्या! ‘पाह्यलं? म्या म्हटलं होतं का नाही?’ आणि त्या भरात, बघा हं, त्याच भरात बाही वर करून म्हणाल्या, ‘माझंही घ्या रक्त! आमच्या मास्तरांचंही घ्या, पोराचंही घ्या. होऊन जाऊ द्या दूध का दूध!’

आठ दिवसांनी रिपोर्ट. मास्तर नॉर्मल. मुलगा नॉर्मल. आणि मास्तरीणबाई… एएस! पिवळं कार्ड!

चेहरा काय उतरला म्हणून सांगू! तव्यावरची फुगलेली भाकर सुरीनं टोचल्यावर बसते ना, तसा. कार्ड उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं, म्हणाल्या नाव चुकलं असेल. नाव बरोबर. आणि आपले मास्तर, चाळीस वर्षं ज्यांचा घरात आवाज आपण ऐकला नाही ते मास्तर, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत म्हणाले, ‘म्हणजे हे तुझ्या माहेरचं.’ बास! एवढंच बोलले, आणि पेपर उघडला. मी आत पळाले हो, हसू आवरेना.

पण हसता हसता एक गोष्ट डोक्यात आली आणि घशाशीच आलं. मास्तरीणबाईंकडे एक धड, एक तडकलेली. पोराला त्यांच्याकडून धड गेली म्हणून तो नॉर्मल. समजा दुसरी गेली असती तर? बायको एसएस, नवरा एएस, मग त्यांच्या प्रत्येक लेकराला एसएस होण्याची शक्यता निम्मी निम्मी. आता तो नॉर्मल आहे म्हणून दोन्ही लेकरं नुसती वाहक आहेत. लहानग्याचंही पिवळंच आलं. आईकडून तडकलेली येणारच, तिच्याकडे दुसरी नाहीच ना. आणि बापाकडून धड. नुसतं नशीब हो, नाणं उडवल्यासारखं. मास्तरीणबाईंना हे त्या मुलीनं समजावलं, तेव्हा त्या कितीतरी वेळ नातवाच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या. त्या दिवसापासून ‘माहेर’ हा शब्द त्या घरात निघालेला नाही.

तर काय सांगत होते… हां, हे होतं कशानं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, अनारशासारख्या, मधे जरा दबलेल्या. हिच्या पेशी प्राणवायू कमी पडला की वाकड्या होतात, विळ्यासारख्या. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात. विळे बारीक नळ्यांत अडकतात, पुढं रक्त जात नाही, आणि मग ते हाडातलं दुखणं. चांगली पेशी १२० दिवस जगते, विळ्याची कशीबशी १० ते २० दिवस. म्हणून रक्त सतत कमी. आणि मोडलेल्या पेशींचा पिवळेपणा डोळ्यांत उतरतो. म्हणजे बघा, कावीळ, वात, अशक्तपणा… आपण तीन आजार धरले होते, तो एकच निघाला. थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला, अंगाबाहेर काम झालं की दुखणं उठतं. आणि दवातली वेचणी म्हणजे यातलं सगळंच एकदम!

मी विचारलं, जन्मापासूनचा आहे तर इतकी वर्षं कळलं कसं नाही? तर म्हणे पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते वाकत नाही. जन्मल्यावर ते कमी होत जातं. पण आपल्या देशातल्या पुष्कळ सिकलसेलवाल्यांत ते मोठेपणीही बरंच उरतं, म्हणून काहींना त्रास जरा सौम्य असतो आणि ओळखायला उशीर लागतो. सौम्य हं! तिच्या तोंडावर नका म्हणू सौम्य. आता तिला गोळी दिलीय ना, ती तेच बाळाचं हिमोग्लोबिन वाढवते. हायड्रॉक्सियुरिया. मी म्हटलं, अगं बाई, युरिया? पऱ्हाटीला टाकतात तो? इतकी हसली ती! म्हणाली, काकू, नावातच युरिया आहे, पोत्यातला नाही. मनानं घ्यायची नाही, अधूनमधून रक्त तपासत घ्यायची, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. सोबत फॉलिक ॲसिडची बारकी गोळी रोज.

त्यांची नात तर आता अर्धी डॉक्टर झालीय. तिनं सांगितलं, १९१० साली शिकागोत हेरिक नावाच्या डॉक्टरानं हे विळे पहिल्यांदा छापून आणले. रक्त कुणाचं होतं, तर ग्रेनाडा बेटावरून दातांची डॉक्टरकी शिकायला आलेल्या एका पोराचं. तोही आमच्या आईसारखाच घर सोडून थंडीत गेला होता, म्हणते कारटी! आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडला. आणि आपल्याकडेच एवढा का, तर हिवताप! १९५४ मध्ये ॲलिसन म्हणून एकानं आफ्रिकेत दाखवून दिलं, की वाहकाला हिवताप सहसा जीवघेणा होत नाही. जिथं रान, डास, हिवताप, तिथं ही तडकलेली बांगडी पिढ्यान् पिढ्या टिकून राहिली. आता आपल्या टिपेश्वरकडच्या रानात काय कमी डास होते? म्हणजे आपले आजे-पणजे जगले ते कदाचित हिच्याच जोरावर, आणि आपण म्हणतो खानदानाला डाग. गोंड-कोलामांत आहे, बौद्धांत आहे, कुणब्या-तेल्यांतही आहे. त्यामुळं ‘अमक्यांचा आजार’ असं कुणी म्हणालं की मला आता हसूच येतं. नागपूरच्या संपत रामटेक्यांनी नाही का, स्वतःच्या मुलाला आहे कळल्यावर सिकलसेलवाल्यांसाठी संस्था काढली, आयुष्यभर दारं ठोठावली. २०१८ ला पद्मश्री जाहीर झाली, पण ती घ्यायला ते राहिले नव्हते.

आणि आता ते, जे मागून सांगते म्हटलं होतं.

तिचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात मी गेले होते, तिळाचे लाडू घेऊन. निमित्त हो, ऐकायला गेले होते. तिनं लाडू घेतला. स्वेटर, पायात मोजे, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. म्हणाली, ‘काकू, एक आठवतं? माझं दुसरं हळदीकुंकू होतं. मी आत पाणी आणायला गेले आणि तुम्ही म्हणालात, मास्तरांच्या घरात आळशी पाय आलेत. मी माठापाशी होते. ऐकू आलं.’

अहो, मी काय बोलणार? लाडवाचा डबा बंद केला, उघडला, परत बंद केला. तिचा आवाज चढलेला नव्हता हो, तेच वाईट. म्हणाली, ‘रिपोर्ट वाचून सगळे रडले. मला तर आधी मोकळं वाटलं. मला वाटायला लागलं होतं, मी खरंच आळशी आहे. दुखतं ते मनातच असेल. आता कागदावर आलं.’

मी म्हटलं, बाई, मी कुणाला काही सांगणार नाही, देवीची शपथ. तर ती म्हणते कशी, ‘असं नका करू! इतकी वर्षं तुम्ही आळीला माझं सांगत आलात. आता हेही तुम्हीच सांगा. तुमचं सगळे ऐकतात. पण काकू, नीट सांगा.’

आणि बसवलं मला! बांगड्या घेऊन घोकून घेतलं, शाळेतल्या पोरीसारखं. हा आजार शिवल्यानं, उष्ट्यानं होत नाही. एका घराला बोल लावायचा नाही. लग्नाआधी दोघांचं रक्त बघायचं, पत्रिका नंतर. आजार अपंगत्वाच्या कायद्यात आहे, २०१६ च्या, त्यामुळं प्रमाणपत्र काढायचं. एसटीत सवलत आहे, ती मागायला लाजायचं नाही. ताप आला किंवा छातीत दुखलं तर तेल चोळत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि पाणी, पाणी, पाणी. म्हणून तर बघा, मास्तरीणबाई आता सुनेच्या उशाशी रोज तांब्या भरून ठेवतात. बोलत काही नाहीत. पण तो तांब्या रिकामा दिसला ना, की घरभर भांडी आपटतात!

म्हणून सांगतेय हो मी, तिच्या परवानगीनं. नाहीतर तुम्हाला माहितीय, मला कुणाच्या घरातलं…

अगंबाई, आलीच ती. कपडे वाळत घालायला. ये गं, तुझंच चाललं होतं. काय म्हणतेस, कुठवर आलं? आलं आलं, तांब्यापर्यंत आलं. सगळं सांगितलं. एसएस, एएस, लाल, पिवळं… काय? चुकलं? ‘थोडासा आजार’ नाही? हां, हां, बरोबर, वाहक म्हणजे आजारी नाही. ऐकलंत ना, मी आधी सांगितलं ते खोडा. एएसवाला चारचौघांसारखाच राहतो, त्याला फक्त लग्न जुळवताना समोरच्याचं कार्ड बघायचं असतं. बघा, किती कडक मास्तरीण आहे! सासूपेक्षाही.

आता काय विचारतेस? आमच्या धाकट्याचं? त्याचं स्थळ बघतोय ना आम्ही, उमरीची मुलगी आहे, पत्रिका छान जुळली, छत्तीसातले अठ्ठावीस… रक्त? नाही, म्हणजे त्या दिवशी तो आत आला नाही ना, आणि मलाही मग… आमच्याकडे तसं काही… अहो, तुम्ही कशाला हसताय? तुम्ही तरी केलंय का?

उद्या? उद्या बुधवार… पांढरकवड्याला? तू येतेस सोबत? थंडीत कशाला बाई तू… बरं, बरं. दहाच्या गाडीनं. तुम्हीही चला हो. मी काय एकटीनं बाही वर करायची का?